अँटॉप हिलचं कारण

“कारण?” हेडक्लार्कने विचारलं, आणि शामराव पोंक्ष्यांच्या तोंडून निघून गेलं, “हवा.”

“हवा?”

“म्हणजे, आमच्या मंडळींना खोकला असतो. तिकडे जरा मोकळं आहे.”

हेडक्लार्कने चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. परळची दोन खोल्यांची जागा, खाली ट्राम, समोर बाजार, पलीकडे इस्पितळ. एवढं सगळं पदरात पडलं असताना हा माणूस अँटॉप हिलच्या तळमजल्यावर जायला निघाला होता. तिथे दिवे लागले की कोल्हे ओरडतात असं ऑफिसात सगळे म्हणत. क्वार्टर्सच्या वाटपात शामरावांना परळ आलं होतं आणि आवक-जावकच्या टेबलावरच्या भिवा साळव्यांना अँटॉप हिल. अदलाबदल करायची तर दोघांची कबुली हवी आणि साहेबाला सांगण्याजोगं कारण हवं. “साळव्याचा फायदाच आहे, तो काय नाही म्हणतोय!” असं म्हणून हेडक्लार्कने पान तोंडात टाकलं. आपण किती सहज खोटं बोललो याचा धक्का मात्र शामरावांना टेबलाशी परत येईपर्यंत बसला नव्हता. खुर्चीवर बसले, टाक उचलला, आणि मग बसला.

त्यांच्या बायकोला, बकुळाबाईंना, खोकला होता हे अगदीच खोटं नव्हतं. मागच्या थंडीत चार दिवस होता. आल्याच्या काढ्याने गेला. पण तो आता बारा महिन्यांचा झाला होता, आणि ज्यांना खोकला होता त्यांना त्याचा पत्ता नव्हता. शामरावांना वाटलं, माणूस खरं कारण लपवतो ते बहुधा वाईट असतं म्हणून. आपलं कारण वाईटही नाही. त्यात कुणाचं वाकडं नाही, कुणाचं काही बुडत नाही. ते फक्त सांगता येण्यासारखं नाही. लोक घर बघतात ते नळाला पाणी किती वेळ राहतं ते बघून, शाळा बघून, शेजार बघून. एखादा देवळाजवळ घर घेतो, एखादा सासुरवाडीपासून लांब घेतो. पण त्या क्वार्टर्सच्या मागे तांबड्या मातीचा उतार आहे, उतारापलीकडे लष्कराने लढाईनंतर टाकून दिलेला खाचखळग्यांचा रस्ता आहे, तो मिठागरांच्या कडेकडेने शीव कोळीवाड्याकडे जातो आणि तिथे रविवारी सकाळी चिखलात मोटारसायकल घालता येते, म्हणून घर घेतलं असं आजवर कुणी कुणाला सांगितलं असेल? आणि तेही चाळिशी ओलांडलेल्या, काळी टोपी घालणाऱ्या, रस्ता ओलांडताना दोनदा मागे सरणाऱ्या माणसाने?

मोटारसायकल बेसिलची. बेसिल बाप्टिस्ट ठाकूरद्वारच्या मागच्या ख्रिस्ती वाडीतला. शामरावांची चाळ आणि ती वाडी यांच्यामध्ये लहानपणी एकच भिंत होती. भिंतीच्या अलीकडे फरसबंदी आणि पलीकडे मातीचं अंगण. ठाकूरद्वारात माती अशी नव्हतीच. होती ती तुळशीच्या कुंडीत, नाहीतर गणपतीच्या मूर्तीत. शामरावांचे वडील मास्तर होते, त्यांच्या तोंडात दिवसातून दहादा एकच शब्द यायचा: मळू नकोस. सदरा मळवू नकोस, वही मळवू नकोस, पाय मळवू नकोस. पावसाळ्यात भिंतीच्या फटीतून शाम पलीकडे पाहायचा तेव्हा बेसिल आणि त्याची बहीण डोरिस गुडघ्यापर्यंत चिखलात उभे राहून एकमेकांना लोळवत असायचे, आणि त्यांची आई दारात उभी राहून हसायची. हसायची, हे त्याला फार दिवस समजलं नव्हतं. पुढे भिंत पडली, ती कुणी बांधली नाही. लढाई संपल्यावर लष्कराच्या गाड्या लिलावात निघाल्या, तेव्हा शिपिंग कंपनीत कारकून असलेल्या बेसिलने एक खाकी मॅचलेस मोटारसायकल आणली. ती इतकी जखमी होती की डोरिस तिला ‘सोल्जर’ म्हणायची. धोबीतलावची आणि माझगावची तीन-चार मंडळी आपापल्या तसल्याच गाड्या घेऊन जमायची, आणि रविवारी सकाळी चर्चमधला मास आटोपला की सगळे मिळून वडाळ्याच्या मागे, याच अँटॉप हिलच्या उताराकडे, जायचे. या खेळाला ते लोक ‘स्क्रॅम्बल’ म्हणत. कोण पहिला आला याचं कुणाला फारसं सोयरसुतक नसे. चढ चढायचा, खाली यायचं, पडायचं, उठायचं.

पहिल्यांदा शामराव नुसते मागे बसून गेले होते, बेसिलच्या कोटाला धरून. मग एका रविवारी बेसिल उतरला आणि म्हणाला, “बस.”

“मी? छे छे.”

“अरे बस मॅन. सोल्जर तुला खाते काय? गुडघे टाकीला चिकटव आणि क्लच हळू सोड. पडला तर चिखल आहे, मऊ आहे, आईच्या मांडीसारखा.”

ते पडले. त्या दिवशी सातआठ वेळा पडले. प्रत्येक वेळी उठताना त्यांना कुणीतरी रागावेल असं वाटलं, आणि कुणी रागावलं नाही. धोतराचं पार लक्तर झालं. बेसिलच्या घरी विहिरीवर अंघोळ करून, त्याची पँट घालून, कपडे तिथेच टाकून ते घरी आले. बकुळाबाईंनी पँटकडे पाहिलं, काही विचारलं नाही. शामरावांनी काही सांगितलं नाही. त्या एका न सांगितलेल्या रविवारावर दुसरा चढला, तिसरा चढला, आणि मग सांगायची वेळ कधी होती तेच आठवेनासं झालं. बेसिलकडे एक जुनी पँट आणि बूट राहायला गेले. गुडघा खरचटला तर ट्राममधून उतरताना खरचटला, मनगट सुजलं तर दप्तरखान्याच्या शिडीवरून पडलो. बकुळाबाई हळद उगाळून लावत आणि म्हणत, “जरा बघून चालत जा.”

काय होतं त्यात? शामरावांनी स्वतःला हे कितीदा विचारलं होतं. पुस्तकं वाचणाऱ्या माणसाला प्रत्येक गोष्टीचं नाव हवं असतं. वेग म्हणावा तर वेग नव्हता, चिखलात कसला वेग? पराक्रम तर नव्हताच. चढावर, अगदी वर पोहोचायच्या आधी, मागचं चाक सुटतं. गाडी तुमच्याखाली असते, हात मुठीवर असतात, पण खाली काही धरलेलं नसतं. मग एकदम धरतं. बस, तेवढंच. सुटणं आणि धरणं यांच्यामध्ये एक श्वासाएवढी जागा असते, आणि त्या जागेत शामराव पोंक्षे नावाचा कुणी नसतो. टोपी नाही, नोकरी नाही, वडील नाहीत. उभ्या आयुष्यात त्यांचं चाक कधी कुठे सुटलं नव्हतं. मॅट्रिक झाले, चिकटले. लग्न झालं, चिकटले. मूल झालं नाही, त्यालाही चिकटले.

हेही खरं की ज्या वर्षांत ते चिखलात होते त्या वर्षांत सगळं गिरगाव रस्त्यावर होतं. छप्पन्नच्या जानेवारीतल्या त्या गोळीबारानंतर चाळीतला एकही पुरुष असा नव्हता की ज्याला आपण कुठे होतो ते सांगता येत नव्हतं. बकुळाबाईसुद्धा. त्या बायकांच्या प्रभातफेरीत पुढे असायच्या. त्यांचा आवाज खणखणीत होता, चार गल्ल्यांत ओळखू यायचा. एकदा लाठी त्यांच्या दंडावर बसली होती, एकदा दिवसभर चौकीत बसवून ठेवलं होतं, आणि संध्याकाळी परत आल्या त्या चौकीतल्या हवालदाराची नक्कल करतच. शामराव एकदा मोर्च्याला गेले होते. कडेला उभे राहिले होते. ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र’ इथवर लोक ओरडले, पुढचं ‘झालाच पाहिजे’ शामरावांच्या घशाशी आलं आणि तिथेच राहिलं. नको म्हणून नव्हे. मनापासून हवं होतं. पण इतक्या लोकांत आपला आवाज कसा लागेल, चुकीच्या जागी लागेल, ही त्यांची जुनी भीती. पुढच्या रविवारी मिठागराच्या कडेला, चढावर चाक सुटून धरलं तेव्हा ते जोरात ओरडले होते. काय ओरडले ते त्यांनाही कळलं नाही. ऐकायला दोन बगळे होते. आपण देशाचं सोडून चिखलाचं ओरडलो, हे त्यांना नंतर कितीतरी दिवस टोचत राहिलं.

आणि आता बेसिल बहारीनला निघाला होता. तेलाच्या कंपनीत नोकरी, नाताळच्या आत हजर व्हायचं. “सोल्जर तुझी,” तो म्हणाला होता. “विकत देत नाय, फुकट पण देत नाय. सांभाळायला देते. पण ठेवणार कुठे मॅन? तिसऱ्या माळ्यावर? डोरिस तर लगीन करून वांद्र्याला चालली, वाडीतली खोली खाली करायची.” त्याच आठवड्यात क्वार्टर्सचं वाटप झालं. परळ आलं म्हणून ऑफिसातल्यांनी पेढे मागितले, आणि शामराव भिवा साळव्यांच्या टेबलाकडे पाहत राहिले. अँटॉप हिल. तळमजला. मागे पडवी.

दुसऱ्या दिवशी दुपारी कॅन्टीनमध्ये साळवे स्वतःच त्यांच्यासमोर येऊन बसले. साळवे नायगावच्या चाळीत वाढलेले, ऑफिसात शामरावांनंतर लागलेले पण बोलण्यात त्यांच्या कितीतरी पुढे. बशीत चहा ओतून घेत ते म्हणाले, “पोंक्षे, एक विचारू? रागवायचं नाही.”

“विचारा ना.”

“परळच्या त्या माळ्यावर आमच्या लोकांची तीन घरं आहेत. तुम्हाला ठाऊक आहे?”

शामरावांना ठाऊक नव्हतं. त्यांनी तसं सांगितलं, पण सांगताना आवाज असा खाली गेला की त्यांचा त्यांनाच तो खोटा वाटला.

“नाही, काय आहे, वैनींचा खोकला इस्पितळासमोर राहून जात नाय आणि कोल्ह्यांच्यात राहून जातो, हे जरा... काय?” साळव्यांनी बशी खाली ठेवली. “सरळ बोलतो. आम्ही गेल्या साली धम्म घेतला. आई तेव्हापासून एकच सांगते, भिवा, आता कुणाच्या मेहरबानीची जागा नको आणि कुणाच्या विटाळाची पण नको. तुम्ही उपकार करत असाल तर मला नको. आणि शेजार नको म्हणून पळत असाल तर बिलकूल नको. मी जातो कोल्ह्यांच्यात, आपल्याला काय.”

शामरावांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्यांचा तो एक शब्द, हवा, आता त्यांना अगदी वेगळा ऐकू आला. मोकळी हवा, स्वच्छ हवा. असं म्हणून किती लोकांनी किती वस्त्यांपासून किती घरं लांब बांधली असतील. आपण तसे नाही असं म्हणावं, तर तसे असलेलेही हेच म्हणतात. समोरच्या माणसाला द्यायला त्यांच्याजवळ एकच गोष्ट उरली होती, आणि ती त्यांनी आजवर कुणालाच दिली नव्हती.

“मोटारसायकल,” ते म्हणाले.

“काय?”

“मी रविवारी मोटारसायकल चालवतो. चिखलात. अँटॉप हिलच्या मागे.”

साळव्यांनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. टोपी, बंद गळ्याचा कोट, खिशातला टाक, टेबलाखालचे काटकुळे पाय.

“तुम्ही?”

“हो.”

“चिखलात?”

“हो.”

“जाता कुठे?”

“कुठेच नाही. वर चढायचं आणि खाली यायचं.”

साळवे असे हसायला लागले की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून पाहायला लागली. “आयला! पोंक्षे! आणि पडता?” “पडतो ना.” “च्यायला!” त्यांनी डोळे पुसले. “बस. पटलं. असलं खोटं कुणाला सुचणारच नाही. करतो सही. पण एक आहे. मी आज आईला सांगणार, जागा परळला मिळाली म्हणून. तिला सांगितल्यावर मग मागं फिरायचं नाय.”

“नाही फिरणार.”

“आणि वैनींना माहिती आहे ना?”

शामराव टोपी सारखी करू लागले.

“बोंबला!” साळवे म्हणाले. “आधी घरी सांगा, मालक. उद्या आमची आई वैनींना खोकल्याचं औषध घेऊन आली तर काय करणार?”

घरी सांगायला हवंच होतं. साळव्यांना सांगून झाल्यावर तर जास्तच. कारण आता ही गोष्ट बकुळाबाई सोडून सगळ्यांना माहीत होती. शामरावांना खरा त्रास वेगळाच होता. बकुळाबाई फार लवकर कबूल झाल्या होत्या. ज्या संध्याकाळी त्यांनी अँटॉप हिलचं नाव काढलं, “तुझ्या छातीला तिथलं बरं पडेल” असं काहीसं पुटपुटले, तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. त्यांनी हात थांबवला, नवऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. त्या नजरेत काहीतरी मऊ होतं, दया की काय म्हणावं असं. “बरं,” एवढंच त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाल्या, “जाऊ आपण.” ज्या बाईचा सगळा जीव ठाकूरद्वारात, फेरीतल्या बायका, मंगळवारचं भजन, नाटकाची पुढची रांग, नाक्यावरच्या सभा, गॅलरीतून गॅलरीत फेकायच्या गोष्टी यांत होता, तिला परळसुद्धा लांब वाटलं होतं. ती कोल्ह्यांच्यात जायला अशी हसत तयार होते, ती कशामुळे? नवऱ्याला आपल्या खोकल्याची एवढी काळजी, यामुळे. दुसरं काय असणार? शामरावांना रात्री त्यांच्या श्वासाकडे लक्ष देण्याची सवय लागली. खोकल्या तर अपराधी वाटायचं आणि नाही खोकल्या तर त्याहून जास्त.

शनिवारी अर्धा दिवस. ट्राममधून उतरल्यापासून शामराव पहिलं वाक्य जुळवत होते. ‘अगं, एक सांगायचं होतं.’ हे फार गंभीर. ‘तुला गंमत सांगू?’ हे त्यांनी आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं. जिना चढून वर आले तर दार बंद. दिवसाउजेडी चाळीत दार बंद म्हणजे आत एकतर बाळंतीण नाहीतर भांडण. त्यांनी कडी वाजवली. “कोण?” “मी.” दार तेवढ्यापुरतं उघडलं आणि मागे लगेच लागलं. खिडकीही बंद होती. स्टोचा आवाज, आणि खोलीत एक वास, जो या खोलीत त्यांच्या आजोबांपासून कधी आलेला नव्हता. बकुळाबाईंनी पदर कमरेला खोचला होता. कपाळावर घाम होता. पाटाशेजारी एक नवीकोरी ॲल्युमिनियमची ताटली होती, घरातल्या भांड्यांत न मिसळलेली. तिच्यात पिवळे, ओलसर गोळे, वर कांदा, मिरची.

“बसा,” त्या म्हणाल्या. “गरम आहे तोवर.”

“हे काय आहे?”

“स्क्रॅम्बल,” बकुळाबाई म्हणाल्या. शब्द त्यांनी तीन तुकड्यांत उच्चारला, पाठ केल्यासारखा.

शामरावांना भिंतीला हात लावावा लागला.

“काय असे बघताय? मला माहीत नव्हतं असं वाटलं तुम्हाला? इतकी वर्षं दर रविवारी बेसिलभाऊ खालून हाक मारतात, ‘शाम, स्क्रॅम्बल!’ साऱ्या चाळीला ऐकू जातं. मी तेव्हाच आमच्या दादाला विचारलं होतं, स्क्रॅम्बल म्हणजे काय रे? तो इराण्याकडे बसणारा. म्हणाला, अंडी फेटून करतात ते.” त्यांनी ताटली पुढे सरकवली. “सासूबाई होत्या तोवर मी एका शब्दानं कुणाला कळू दिलं नाही. बेसिलकडे कशाला जातो म्हणून विचारायच्या, मी सांगायचे, इंग्रजी सुधारायला जातात. दुसऱ्याची पँट घालून आलात तेव्हासुद्धा म्हटलं, अंगावर सांडलं असेल. पुरुषमाणूस आहे. बाटली नाही, बाई नाही, जुगार नाही. जिभेला एक ओढ. असू दे.”

“अगं पण...”

“ऐका तर. अँटॉप हिल म्हणालात तेव्हा आधी मला लागलं. म्हटलं, माझ्या खोकल्याचं निमित्त कशाला करायचं? मला कुठे आलाय खोकला? मग म्हटलं, बिचारे सांगणार तरी कसं. इथे एक टरफल पडलं तर चार मजले चौकशीला येतील. तिथे कोण येतंय वास घ्यायला?” त्या हसल्या. “डोरिसकडे जाऊन शिकून आले. पहिलं अंडं हातातून निसटलं. ती नुसती हसत होती. ‘शाम? अंडी? शाम?’ असं म्हणायची आणि हसायची. मला वाटलं, भटाच्या बायकोला हसते. हसू दे. खा ना. मीठ बघा.”

शामराव पाटावर बसले. त्यांनी आयुष्यात अंडं खाल्लं नव्हतं. बेसिलकडे ते पाव खात आणि चहा पीत. डोरिस दर वेळी विचारायची, ते दर वेळी नको म्हणायचे. अंड्याचा विचारही त्यांना सोसत नसे, आणि तो धर्माचा प्रश्न नव्हता, फक्त घशाचा होता. आता त्यांच्यापुढे ती ताटली होती आणि ताटलीच्या पलीकडे एक दार सताड उघडलं होतं. काही सांगायलाच नको. एवढा एक घास गिळायचा. मग अँटॉप हिल आपलं, सोल्जर पडवीत, रविवार सकाळ आपली. आणि बकुळेच्या मनात एक छोटं, माफ करून झालेलं पाप. ती ते पाप किती वर्षं सांभाळत आली होती. आईपासून, चाळीपासून, त्यांच्यापासूनसुद्धा. आपल्या रविवारांची राखण ती करत होती, आणि आपण समजत होतो की आपण लपलो आहोत. त्यांनी पोळीच्या तुकड्यात थोडंसं उचललं आणि तोंडात घातलं. ते गरम होतं, मऊ होतं, दाताखाली काहीच विरोध करत नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं.

“तिखट झालं का?” बकुळाबाईंनी विचारलं. त्या इतक्या जवळून, इतक्या आशेने पाहत होत्या की शामरावांनी तो घास गिळला. दुसरा उचलला. तो तोंडापर्यंत गेला आणि तिथे थांबला. जन्मभर दर रविवारी हे खावं लागेल, हा विचार आधी आला. तो त्यांना स्वतःचाच इतका क्षुद्र वाटला की त्याच्यामागचा दुसरा आपोआप पुढे आला. ही बाई जन्मभर दर रविवारी हे करील. किळस बाजूला ठेवून, खिडकी लावून, ज्या माणसासाठी करील तो माणूस नाहीच.

त्यांनी घास परत ताटलीत ठेवला.

“मी अंडं खात नाही,” ते म्हणाले. “कधीच खाल्लं नव्हतं. हे पहिलं.”

आणि मग त्यांनी सांगितलं. जुळवलेलं वाक्य आठवलं नाही, म्हणून जसं आलं तसं: बेसिल, सोल्जर, उतार, चिखल, गुडघा, मनगट. साळव्यांना सांगितलं तेही. सांगताना ते ताटलीकडे पाहत होते. चाक सुटतं आणि धरतं ते सांगायला लागले, पण ते शब्दांत आणल्यावर अगदीच पोरकट ऐकू आलं, म्हणून मध्येच सोडून दिलं. खाली रस्त्यावर कुणीतरी संध्याकाळच्या सभेची दवंडी देत चाललं होतं.

बकुळाबाईंनी मनगटाने कपाळ पुसलं. त्यांनी स्टो विझवला. हवा सुटल्याचा आवाज संपेपर्यंत त्या त्याच्याकडे पाहत राहिल्या.

“साळव्यांना आधी सांगितलंत,” त्या म्हणाल्या.

“त्यांना वाईट वाटलं होतं, म्हणून...”

“बरोबर केलंत.” त्यांचा खणखणीत आवाज शामरावांना इतका खाली आलेला कधी ऐकू आला नव्हता. “खाण्यासाठी असतं तर मला समजलं असतं हो. भूक समजते. कुणी एखाद्या बाईसाठी घर हलवलं तर तेसुद्धा, रडले असते, पण समजलं असतं. हे मला समजत नाही. चिखलात वर जायचं आणि खाली यायचं.”

“मलाही नीट समजत नाही,” शामराव म्हणाले.

यावर त्या हसतील असं त्यांना क्षणभर वाटलं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी ताटली स्वतःकडे ओढली. शामरावांना वाटलं, आता ती मोरीत रिकामी होणार. पण बकुळाबाईंनी डब्यातून एक पोळी काढली, तिचा तुकडा मोडला, त्या पिवळ्या गोळ्यावर दाबला, आणि तोंडात घातला. डोळे मिटून चावलं. चेहरा आधी आंबट झाला, मग कसलाच राहिला नाही. दुसरा तुकडा मोडला.

“अगं, काय करतेस?”

“अन्न आहे. मी केलंय. टाकू?” त्यांनी आणखी एक घास घेतला. “मीठ कमी पडलंय. कुणी सांगितलं नाही.”

त्या हळूहळू, नीट बसून खात राहिल्या, आणि शामराव समोर बसून पाहत राहिले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बकुळा एकटी जेवते आणि आपण नुसतं बसलो आहोत असं कधी घडलं नव्हतं, नेहमी उलटं. त्यांना एकदम वाटलं, हिला विचारावं, एखाद्या रविवारी येशील का बघायला? दगडावर बस, लांब. आपल्याला कुणी पाहावं असं त्यांना जन्मात पहिल्यांदा वाटत होतं. पण ते विचारायची वेळही बहुधा केव्हातरी येऊन गेली होती.

“परळच ठेवू या का?” त्याऐवजी ते म्हणाले. “मी साळव्यांना सांगतो.”

“मुळीच नाही. त्यांच्या आईला सांगून झालंय ना? म्हातारीच्या तोंडची जागा काढून घ्यायची नाही. शब्द दिलाय, तो दिलाय.” त्यांनी शेवटच्या तुकड्याने ताटली पुसून घेतली. “जायचं आपण अँटॉप हिलला. पण तुमच्या चिखलासाठी म्हणून मी येत नाही, सांगून ठेवते. आणि अंड्यांसाठी तर नाहीच.”

“मग कशासाठी?”

बकुळाबाई ताटली घेऊन उठल्या. त्यांनी खिडकी उघडली, मग दार उघडलं. समोरच्या गॅलरीतून कुणीतरी मान वळवून पाहिलं, त्यांनीही सरळ पाहिलं.

“ते माझं मी ठरवीन,” त्या म्हणाल्या. शामरावांनी ताटली धुवायला म्हणून हात पुढे केला, तर त्यांनी ती दिली नाही.